झाडकामासाठी गाडी घेतोयस तर

आधी हप्ता नाही, वजन बघ. ओल्या लाकडाचा एक घनमीटर साधारण टनभर भरतो; वाळक्यावरून अंदाज बांधलास की फसलास. छोटा हत्ती (टाटा एस) पाल्याफांद्यांना ठीक, बुंध्याचे ओंडके त्यात नको. आरसीवर रिकामं आणि एकूण अशी दोन्ही वजनं असतात, वजाबाकी कर, म्हणजे किती भार चालेल ते कळेल. त्या भारात माणसं, करवती, दोरही धर.

आपल्या बडोद्यात मांडवी, दांडिया बाजारच्या गल्ल्यांत मोठा ट्रक वळवताना घाम फुटतो. तिथे पिकअप आणि मागे छोटी ट्रॉली बरी. पण जड ओंडके ट्रॉलीच्या चाकांच्या किंचित पुढे ठेव. ट्रॉलीच्या भरलेल्या वजनाचा दहावा हिस्सा तरी पिकअपच्या हुकवर यायला हवा. मी एकदा घाईत सगळे मागच्या फळीला टेकवले. डभोई रोडवर वेग घेतला तशी ट्रॉली शेपटीसारखी हलायला लागली. ब्रेक न मारता ॲक्सिलरेटरवरून नुसता पाय काढला, म्हणून वाचलो. तेव्हापासून हुकची पिन, तिची क्लिप आणि दोन्ही साखळ्या मी स्वतः ओढून बघतो. साखळ्या ट्रॉलीच्या पुढच्या दांड्याखालून फुलीसारख्या बांध, म्हणजे हुक सुटला तरी दांडा रस्त्यावर आपटणार नाही.

जुनी ट्रॉली घेताना दांड्याच्या जोडावरचा रंग खरवडून बघ. ताज्या रंगाखाली कधीकधी वेल्डिंगची भेग असते.