गस्त, पास आणि पोलीस: निबंध लिहिणाऱ्या विद्यार्थिनीस

बाळा,
अनेक आशीर्वाद.

कच्चा खर्डा वाचला. "अमेरिकेचे पोलीस गुलामांवरच्या गस्तीतून जन्मले", म्हणजे गुलामांना अडवत-तपासत फिरणाऱ्या गोऱ्यांच्या टोळ्यांतून, हे पहिलंच वाक्य दणकेबाज आहे, पण तिथेच तुला कुणीही अडवेल. न्यूयॉर्कचं काय, असं विचारेल. बॉस्टनचं पोलीसदल १८३८ चं, न्यूयॉर्कचं १८४५ चं. त्यांच्यापुढे नमुना लंडनचा होता आणि डोकेदुखी होती ती दंगलींची, दारूची, नव्याने आलेल्या आयरिश मजुरांची. म्हणजे तुझं म्हणणं खोटं नाही, फार पसरट आहे. अख्खा देश सोड, दक्षिण धर. त्यातही चार्ल्सटन, कॅरोलिनातलं बंदर.

कॅरोलिना वसाहतीत गस्तीचा कायदा झाला १७०४ साली. तिथले कितीतरी मळेवाले कॅरिबियनमधल्या बार्बाडोस बेटावरून आलेले, गुलामांना धाकात ठेवायचे कायदेही बार्बाडोसचेच उचललेले. लवकरच वसाहतीत गोऱ्यांपेक्षा काळे जास्त झाले. १७३९ च्या सप्टेंबरात स्टोनो नदीकाठी उठाव झाला, आणि १७४० च्या कायद्याने मळ्याबाहेर एकट्या दिसलेल्या गुलामाला अडवून चौकशी करायचा अधिकार कुठल्याही गोऱ्या माणसाला दिला. चौकशीला नकार दिला तर मारायची मुभा, आणि गुलामाने उलट हात टाकला तर त्याचा जीव घेणंही कायदेशीर.

याच कायद्यात गुलामांना लिहायला शिकवण्यावर बंदी आहे. तू ती शिक्षणाच्या प्रकरणात टाकली आहेस. तिथून काढ आणि गस्तीच्या प्रकरणात आण. गस्तीवाला पहिल्यांदा पास मागायचा, आणि पास म्हणजे मालकाने खरडलेली चिठ्ठी. ज्याला लिहिता येतं तो मालकाच्या नावाने चिठ्ठी लिहू शकतो. पुढे गुलामगिरीविरुद्धचा नावाजलेला वक्ता झालेल्या फ्रेडरिक डग्लसने, स्वतः गुलाम असताना, १८३६ मध्ये मेरीलँडमध्ये पळून जाण्यासाठी नेमकं हेच केलं. स्वतःसाठी आणि सोबत्यांसाठी पास लिहिले. बेत फुटला, सगळे पकडले गेले. डग्लसने आपला पास आगीत टाकला, बाकीच्यांना सांगितलं, बिस्किटाबरोबर गिळून टाका. तुझ्या निबंधातली तीन पानं या एका प्रसंगाने भागतील, आणि ती तीन पानं तशीही कंटाळवाणी आहेत.

चार्ल्सटन शहरात लंडनच्या पोलीसदलाआधीपासून हत्यारबंद पहारा होता. रात्रीची घंटा झाली की बिनपासाचा गुलाम रस्त्यावर दिसता कामा नये. दुसऱ्यांकडे मजुरीला लावलेल्या गुलामांना तांब्याचा बिल्ला बाळगावा लागे. १८२२ मध्ये डेन्मार्क व्हेसी या मुक्त काळ्या माणसाने रचलेल्या गुलामांच्या उठावाच्या कटाचा बोभाटा झाल्यावर हा बंदोबस्त आणखी कडक झाला. चोरापेक्षा शहरातल्या निम्म्या माणसांची, म्हणजे गुलामांची, भीती मोठी होती.

आता १८६५. गुलामगिरी गेली, कागद गेला नाही. दक्षिणेतल्या मिसिसिपी राज्याने त्याच वर्षी कायदा केला की जानेवारी १८६६ पासून प्रत्येक मुक्त काळ्या माणसाकडे घर किंवा रोजगार असल्याचा लेखी पुरावा हवा. रोजगार नाही तो भटक्या ठरणार. त्याला दंड, आणि पाच दिवसांत दंड भरला नाही तर जो भरेल त्याच्याकडे शेरीफ, म्हणजे तिथला स्थानिक पोलीस अधिकारी, त्याला कामाला जुंपणार. शेरीफ इथे येतो बघ. जुनी गस्त कुठे संपली हे शोधत बसण्यापेक्षा तिचं काम कुणाच्या अंगावर आलं ते दाखव.

एक गाठ मात्र सैल सोडू नकोस. १८६६ च्या मे महिन्यात दक्षिणेतल्या मेम्फिस शहरात ४६ काळी माणसं मारली गेली, त्या जमावात पोलीस होते आणि त्यांतले बरेचसे आयरिश. त्यांच्या बापजाद्यांनी कधी गस्त घातली नव्हती. उत्तरेतही १८५१ मध्ये पळून आलेल्या थॉमस सिम्स या गुलामाला मालकाकडे परत धाडताना बंदोबस्त बॉस्टनच्याच पोलिसांचा होता. वंशावळ लावून याचा उलगडा होत नाही. कायदा काय करायला सांगत होता, ते बघावं लागतं.

१९३६ ते ३८ मधल्या, एकेकाळी गुलाम असलेल्यांच्या मुलाखती जरूर वापर, गस्तीच्या आठवणी त्यांत भरपूर आहेत. पण सांगणारे गुलामगिरी संपताना बहुतेक लहान होते आणि विचारणारे बहुतांशी गोरे. दक्षिणेतल्या म्हाताऱ्या काळ्या बाईने दारात आलेल्या गोऱ्या माणसाला किती सांगितलं असेल, ते लक्षात घेऊन वाच.

शेवटी तू विचारलंस, आपल्याकडचा १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा यात आणू का? मोह मलाही होतो. मुंबई इलाख्यात तो १९११ नंतर आला. सोलापूरची वसाहत, तारेचं कुंपण, रोजची हजेरी, बाहेर जायला पास: वाचताना चार्ल्सटन आठवणारच. पण त्याची मुळं इंग्रजांच्या ठगीविरोधी मोहिमेत आणि जन्मावरून गुन्हेगार ठरवण्याच्या समजुतीत आहेत, कॅरोलिनात नाहीत. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो रद्द झाला, मागून सराईत गुन्हेगारांचे कायदे आले. तो वेगळा निबंध आहे, आणि तूच तो लिहावास असं मला वाटतं. या निबंधात त्याला एक परिच्छेद दे, जास्त नको.

मिसिसिपीचा कायदा मुळातून वाच, कुणाच्या सारांशावर जाऊ नकोस. दुसरा खर्डा दिवाळीच्या आत आला तर सुट्टीत निवांत बघता येईल.

तुझा,
सर