लेझर डायोडला करंट दिल्यावर प्रकाश यायला उशीर का होतो, आणि माझ्या मॉडेलमध्ये तो येतच नाही, असं का?

आधी दुसऱ्याचं सांगतो, कारण ही चूक जवळपास प्रत्येकजण एकदा करतो. तुम्ही फोटॉनची सुरुवातीची संख्या शून्य धरली असणार आणि उत्स्फूर्त उत्सर्जनाचं (आपोआप सुटणाऱ्या फोटॉनचं) पद समीकरणातून गाळलं असणार. शून्याला कितीही गेनने (प्रकाश वाढवण्याच्या पटीने) गुणा, शून्यच. ते पद अगदी छोटं असलं तरी ठेवा. विरजणाशिवाय दही लागत नाही.

आता उशीर. थ्रेशोल्ड, म्हणजे लेझर सुरू होण्याची पातळी, गाठेपर्यंत करंट फक्त कॅरिअर (इलेक्ट्रॉन आणि होल) भरत असतो. शून्यापासून सुरुवात केली तर विलंब साधारण τ ln[I/(I−Ith)], इथे τ म्हणजे कॅरिअरचं आयुष्य, I म्हणजे दिलेला करंट आणि Ith म्हणजे थ्रेशोल्डचा करंट. τ 2 नॅनोसेकंद, थ्रेशोल्ड 10 मिलिअँपिअर आणि करंट 20 धरला तर विलंब सुमारे 1.4 नॅनोसेकंद. आधीपासून 9 मिलिअँपिअरचा बायस (सतत वाहता करंट) ठेवला की लॉगमध्ये अंशात I ऐवजी 20−9 येतात आणि विलंब 0.2 च्याही खाली जातो. म्हणूनच वेगवान मॉड्युलेशनमध्ये (प्रकाश झपाट्याने कमी-जास्त करताना) लेझर पूर्ण बंद करत नाहीत.

त्यानंतर प्रकाश एकदम उसळतो आणि डुलत डुलत स्थिरावतो. ती रिलॅक्सेशन ऑसिलेशन्स, तुमच्या कोडमधला बग नव्हे. फक्त टाइम-स्टेप पिकोसेकंदाच्या खाली ठेवा, लेझरच्या पोकळीत फोटॉनचं आयुष्यच एक-दोन पिकोसेकंदांचं असतं.