शीतयुद्धातलं 'शीत' नेमकं कसलं?

तुमच्या नववीतल्या मुलीने विचारलेला प्रश्न वाचला आणि खरं सांगतो, फार आवडला. 'बाबा, शीतयुद्ध म्हणजे हिवाळ्यात लढलेलं युद्ध का?' असं तिने विचारलं, आणि तिच्यामुळे तुम्हालाही शंका आल्या की 'थंड युद्ध' का म्हणत नाहीत, शब्द जोडून लिहायचा की तोडून, कुठल्याशा व्हिडिओत 'रक्ताचा थेंबही न सांडता लढलेलं युद्ध' अशी व्याख्या ऐकली ती बरोबर आहे का, आणि घरातल्या अबोल्याला शीतयुद्ध म्हटलेलं चालेल का.

लिहिण्याचं आधी सांगतो कारण ते पटकन होतं. जोडूनच लिहायचं, शीतयुद्ध. कारण 'शीत' हे विशेषण मराठीत एकटं फिरत नाही, आपण 'शीत पाणी' किंवा 'शीत चहा' म्हणत नाही, ते कायम दुसऱ्या शब्दाला चिकटून येतं, शीतगृह, शीतपेय, शीतज्वर. मराठीत एकटं फिरणारं शीत म्हणजे भाताचं, शितावरून भाताची परीक्षा करतो ते, आणि त्याचा या शब्दाशी काही संबंध नाही. पुढे शीतयुद्धाचा, शीतयुद्धकालीन, शीतयुद्धोत्तर अशी रूपं करतानाही 'शी' दीर्घच ठेवायची.

आता शब्द आला कुठून. इंग्रजीतल्या 'कोल्ड वॉर'चं हे शब्दशः भाषांतर आहे, आणि फक्त आपणच असं केलं असं नाही, फ्रेंचमध्ये गेर फ्रुआद, जर्मनमध्ये काल्टर क्रीग, उर्दूत सर्द जंग, जपानीत रेइसेन, आणि अमेरिकेचं ज्यांच्याशी ते युद्ध होतं त्या सोव्हिएत युनियनमधल्या रशियनांच्या भाषेतही खलोद्नाया वायना, सगळ्यांनी थंड अधिक युद्ध असंच केलंय. हिरोशिमावर ६ ऑगस्ट १९४५ ला बाँब पडला आणि १९ ऑक्टोबरला जॉर्ज ऑर्वेल या इंग्रज लेखकाने (जन्म आपल्या बिहारमधल्या मोतिहारीचा) लंडनच्या 'ट्रिब्यून' साप्ताहिकात अणुबाँबवर लेख लिहिला, त्यात हा शब्द आहे. त्याचं म्हणणं असं होतं की हा बाँब बनवायला इतका महाग आणि अवघड आहे की तो दोन-तीन बलाढ्य देशांकडेच राहील, ते एकमेकांवर तो टाकणार नाहीत, पण शेजाऱ्यांशी कायमच्या शीतयुद्धात राहतील, म्हणजे मोठी युद्धं बंद होतील पण जी शांतता येईल ती शांतता नसेल. बाँब पडून अडीच महिने झालेत, जग अजून मेलेली माणसं मोजतंय, आणि हा माणूस पुढची पंचेचाळीस वर्षं सांगून मोकळा झाला, मला दर वेळी याचं नवल वाटतं.

पण शब्द वापरात रुळला तो १९४७ साली. १२ मार्चला अमेरिकेचे अध्यक्ष ट्रुमन यांनी ग्रीस आणि तुर्कस्तानला मदतीची घोषणा केली, १६ एप्रिलला अमेरिकी अध्यक्षांचे सल्लागार बर्नार्ड बारूक यांनी तिथल्याच साउथ कॅरोलायना राज्याच्या विधिमंडळात भाषण करताना आपण आज एका शीतयुद्धात आहोत असं सांगितलं, आणि त्याच वर्षी वॉल्टर लिपमन या पत्रकाराने याच नावाखाली लेखमाला लिहिली, मग तो शब्द घरोघर गेला. त्याच्याही मागे गेलात तर चौदाव्या शतकातल्या स्पेनच्या दोन हुआन मान्वेल या सरदार-लेखकाचं नाव सांगतात. त्याने लिहिलं होतं की कडक, तापलेलं युद्ध एकतर मरणाने संपतं नाहीतर तहाने, पण थंड युद्धाने तहही होत नाही आणि मानही मिळत नाही. गंमत म्हणजे त्याने मुळात 'कोमट' असा शब्द लिहिला होता, एकोणिसाव्या शतकात हस्तलिखित छापताना त्याचं 'थंड' झालं.

आता मला ज्यासाठी एवढं लिहावंसं वाटलं त्यावर येतो. ज्या थंड देशांत हा शब्द जन्मला तिथे थंडी म्हणजे माया नसणं, वैर, मरण. आपल्याकडे उलटं आहे. आपण उन्हात वाढलेली माणसं, आपल्याला चंदन शीतल, चांदणं शीतल, सावली शीतल, भेट झाली की डोळे निवतात, जीव थंड होतो, रागावलेल्याला आपण सांगतो डोक्यावर बर्फ ठेव. आणि युद्धाचं म्हणाल तर ते मराठीत कायम आगीच्या भाषेत येतं, युद्ध पेटतं, भडका उडतो, वातावरण तापतं. त्यामुळे 'शीतयुद्ध' ऐकल्यावर मराठी कानाला आपोआप वाटतं की हे काहीतरी निवलेलं, सौम्य, न पेटलेलं युद्ध असणार. तुम्ही ऐकलेली ती थेंबभर रक्ताची व्याख्या मला वाटतं इथूनच येते, शब्दाचं भाषांतर झालं पण त्यातली थंडी आपल्याकडे येताना बदलली. 'थंड युद्ध' म्हटलं असतं तर आणखीच घोळ झाला असता, कारण मराठीत थंड म्हणजे मंदसुद्धा, थंड प्रतिसाद, थंडा कारभार, म्हणजे कोणी मन लावून लढलंच नाही असा अर्थ निघाला असता, आणि अमेरिका आणि सोव्हिएत युनियन तर चाळीस-पंचेचाळीस वर्षं जीव तोडून लागले होते. त्यामानाने 'शीत' बरा, तो पुस्तकी आहे म्हणून त्याला निदान स्वतःचा असा पारिभाषिक अर्थ तरी चिकटू शकला.

आपल्या भाषेने स्वतःहून शब्द घडवला असता तर तो कदाचित 'धुमसणे' वरून आला असता असं मला वाटतं, राखेखाली निखारा असतो, ज्वाला दिसत नाही, पण हात लावला की भाजतं आणि वारा आला की बाजूचं गवत पेटतं. बाजूचं गवत पेटतं हेच यातलं मुख्य आहे.

कारण वॉशिंग्टन आणि मॉस्को यांनी एकमेकांवर कधी सैन्य घातलं नाही हे खरं, पण कोरियात २५ जून १९५० ला उत्तरेचं सैन्य ३८व्या अक्षांशाखाली, म्हणजे सीमा ओलांडून दक्षिणेत उतरलं आणि तीन वर्षांत लाखो माणसं मेली. व्हिएतनाममध्ये अमेरिकेचेच ५८ हजारांवर सैनिक गेले, आणि व्हिएतनामी माणसं किती गेली ते मोजताना लाखांच्या पुढे जावं लागतं. अफगाणिस्तानात डिसेंबर १९७९ मध्ये सोव्हिएत फौजा शिरल्या आणि १५ फेब्रुवारी १९८९ ला बाहेर पडल्या, त्या देशाची घडी अजून बसलेली नाही. आफ्रिकेतल्या अंगोलाचं तर आपल्याकडे कोणी नावही घेत नाही. तेव्हा ते 'शीत' हे फक्त त्या दोन राजधान्यांच्या थर्मामीटरवरचं आहे, तिथे बसून बघितलं तर थंड, कोरियातल्या सेऊल किंवा व्हिएतनाममधल्या हुए शहरात उभं राहून बघितलं तर आग. मुलीला व्याख्या सांगायचीच असेल तर 'दोन महासत्तांनी एकमेकींशी समोरासमोर न लढता चालवलेला संघर्ष' एवढं सांगा, त्यात 'समोरासमोर' हा शब्द गाळू नका, आणि रक्ताच्या थेंबाचं वाक्य मात्र वहीतून खोडायला सांगा, मनापासून विनंती आहे. आणि तिचा हिवाळ्याचा अंदाज अगदीच वाया गेला असंही म्हणू नका, १९५० च्या नोव्हेंबर-डिसेंबरात कोरियाच्या चोसिन जलाशयापाशी उणे तीस अंशांच्या आसपास लढाई झाली आणि गोळ्यांइतकीच माणसं थंडीनेही जायबंदी झाली.

आता कोणी म्हणेल की समोरासमोर लढलेच नाहीत तर 'युद्ध' तरी कशाला म्हणायचं. इथे मराठीची बाजू भक्कम आहे. आपल्याकडे लढाई आणि युद्ध यांत फरक आहे, लढाई होते, ती एका जागी एका दिवशी झालेली असते, पानिपतची लढाई, खडकीची लढाई, पण युद्ध 'चालू असतं', ती अवस्था आहे. म्हणून शीतयुद्ध म्हणता येतं, 'शीतलढाई' हा शब्द तोंडातून निघत नाही. इंग्लंडमधल्या हॉब्ज या तत्त्वज्ञाने १६५१ सालीच हे लिहून ठेवलंय, की वाईट हवा म्हणजे एक-दोन सरी नव्हेत तर कित्येक दिवस पावसाकडे असलेला कल, तसंच युद्ध म्हणजे प्रत्यक्ष मारामारी नव्हे तर मारामारीची सतत तयारी. (बोलताना मात्र लोक हा फरक पाळतातच असं नाही, माझी आजी दुसऱ्या महायुद्धाला कधी महायुद्ध म्हणाली नाही, 'लढाईच्या टायमाला रेशन आलं' असंच म्हणायची, मुंबईत १९४३ साली रेशनिंग सुरू झालं ते तिच्या लक्षात होतं, हिटलर वगैरे फारसं नाही.)

त्याच काळातला 'पोलादी पडदा' पण बघा. चर्चिल यांनी ५ मार्च १९४६ ला अमेरिकेत फुल्टन इथे जे म्हटलं तो पडदा लोखंडी होता, मराठीने त्याचं पोलाद केलं. इंग्रजी शब्द नाटकाच्या थिएटरमधला, स्टेजवर आग लागली तर प्रेक्षकांकडे पसरू नये म्हणून लोखंडी पडदा खाली सोडत त्यावरून आलेला, म्हणजे तिथेही मुळात आगच आहे. आपण पोलादी का केलं असेल ते बघा, 'पो' आणि 'प' जुळतात, शिवाय पोलाद आणि पडदा दोन्ही फारसीतून आलेले, एकमेकांशेजारी चांगले बसले. आणि योगायोग असा की सोव्हिएत नेता स्टालिन याने घेतलेलं हे नाव रशियनमधल्या 'स्टाल' म्हणजे पोलादावरूनच आहे, त्यामुळे हे मराठी भाषांतर मला मूळ शब्दापेक्षा सरस वाटतं.

'महासत्ता' सुद्धा तेव्हाचाच, 'सुपरपॉवर' हा शब्द १९४४ साली विल्यम फॉक्स या अमेरिकन अभ्यासकाने या अर्थाने पुढे आणला तेव्हा त्यात अमेरिका, सोव्हिएत युनियन आणि ब्रिटन असे तीन देश होते. १९५६ च्या सुएझ कालव्याच्या प्रकरणात ब्रिटनचं नाव गळाल्यासारखंच झालं.

राहिला घरातला अबोला. माझं स्पष्ट मत आहे की अबोल्याला शीतयुद्ध म्हणू नये, अबोला हा इतका नेमका शब्द असताना कशाला? शीतयुद्धात अबोला नव्हताच मुळी. उलट १९६२ च्या ऑक्टोबरात क्यूबातल्या सोव्हिएत क्षेपणास्त्रांवरून जग काठावर आलं, तेव्हा एकमेकांना निरोप पोचायला तासन् तास लागतायत हे दोघांच्या लक्षात आलं आणि २० जून १९६३ ला त्यांनी करार करून हॉटलाइन टाकली, ती सिनेमात दाखवतात तसा लाल फोन नव्हता, टेलिप्रिंटर होता, कारण बोलण्यात गैरसमज होतात, लिहिलेलं वाचून विचार करता येतो. वैर असूनही बोलत राहायचं अशी ती व्यवस्था होती. नुसतं पटत नसेल तर धुसफूस म्हणा, जास्त असेल तर त्यांच्यातून विस्तव जात नाही म्हणा, किती सुंदर वाक्प्रचार आहे हा. शीतयुद्ध तेव्हाच म्हणा जेव्हा दोघं तुल्यबळ आहेत, समोरासमोर भिडलं तर दोघंही संपतील हे दोघांना माहीत आहे, म्हणून दुसऱ्यांच्या खांद्यावर बंदूक ठेवून चाललंय आणि आजूबाजूच्या प्रत्येकाला 'तू कुणाच्या बाजूने' असं विचारलं जातंय. एखाद्या पक्षातले दोन नेते कार्यकर्त्यांना एकमेकांवर सोडतात तिथे पेपरवाले शीतयुद्ध म्हणतात ते मला योग्य वाटतं. सासू-सुनेत तसं नसतं, तिथे बहुतेक वेळा एकीच्या हातात सगळं असतं, त्याला दुसरा शब्द आहे, जाच.

'छुपं युद्ध' हा शब्दही कधीकधी या जागी वापरतात, तो वापरू नये असं वाटतं. व्हिएतनाममध्ये काहीच छुपं नव्हतं, रोज टीव्हीवर दिसत होतं. आणि १९७१ च्या डिसेंबरात, बांगलादेश युद्धाच्या वेळी, अमेरिकेच्या सातव्या आरमारातली जहाजं बंगालच्या उपसागराकडे निघाली तीही उघड निघाली, उघड दिसावीत हाच हेतू होता. (आरमार हा शब्द आपण पोर्तुगीजांकडून घेतलाय, तो त्या दिवसांत मराठी पेपरांत रोज असायचा.)

शेवटी एक, मुलीला सांगण्यासारखं. कोरियातलं युद्ध २७ जुलै १९५३ ला थांबलं, पण तेव्हा झाली ती शस्त्रसंधी, तह अजूनही झालेला नाही, मराठीत हे दोन वेगळे शब्द आहेत ते वेगळेच ठेवायचे. त्या वेळी बावीस हजारांवर चिनी आणि उत्तर कोरियाई कैदी मायदेशी परत जायला तयार नव्हते आणि त्यांना कोणाच्या ताब्यात द्यायचं यावर दोन्ही बाजूंचं एकमत होईना, तेव्हा ते काम भारतीय फौजेकडे आलं आणि तिचे प्रमुख होते मेजर जनरल थोरात, आपले कोल्हापूरचे. त्यांच्या छावणीला हिंदनगर नाव होतं. याबद्दल वाचताना तिला हिंदी मजकुरात 'युद्धबंदी' शब्द दिसेल तर गोंधळायचं नाही, हिंदीत त्याचा अर्थ युद्धकैदी, मराठीत युद्धबंदी म्हणजे युद्ध थांबवणं. थोरातांच्या हाती तिथे मराठीतली युद्धबंदी झाल्यानंतरचे हिंदीतले युद्धबंदी होते.