पब्लिक ऑप्शन गेल्यावरही आम्ही ओबामांच्या मागे का उभे राहिलो

तुमचा प्रश्न मला असा समजला: ज्या राज्य सिनेटरसाठी तुम्ही दारोदार फिरलात, त्यांनी आरोग्य विधेयकातली सरकारी विम्याची तरतूद तडजोडीत सोडून दिली. आता गटातले निम्मे लोक त्यांना गद्दार म्हणताहेत आणि उरलेल्यांना टीकेचा एक शब्दही सहन होत नाही. २००९-१० मध्ये ओबामांसोबत राहिलेल्यांनी हे कसं निभावलं, असं तुम्ही विचारलंय.

मी तेव्हा ओहायोत होते. २००८ च्या प्रचारातले आम्ही बरेच स्वयंसेवक निवडणुकीनंतरही पांगलो नाही, ओबामांच्या आरोग्य विधेयकासाठी (पुढे ज्याला ‘ओबामाकेअर’ म्हणू लागले) फोन करत राहिलो. त्या अनुभवातून एकच सांगते. एखादी गोष्ट सोडली गेली की आधी हे शोधा, की ती मतं नव्हती म्हणून गेली की लढायची तयारी नव्हती म्हणून. मतं नसतील तर नेत्याला एकटं पाडू नका. तयारी नसेल तर त्याच्या ऑफिसात फोन करून स्पष्ट बोला. आमच्या वेळी दोन्ही घडलं, आणि दोन्ही वेळा आम्ही वेगवेगळं वागलो.

तेव्हाचं गणित नव्या लोकांना माहीत नसतं, म्हणून जरा सविस्तर. सिनेटमध्ये १०० सदस्य, आणि फिलिबस्टर, म्हणजे चर्चा लांबवून विधेयक अडवण्याचा डाव, मोडून विधेयक मतदानाला आणायचं तर ६० मतं लागतात. मिनेसोटाच्या अल फ्रँकन यांची निवडणूक फेरमोजणीत आणि कोर्टात आठ महिने अडकली होती. जुलै २००९ मध्ये त्यांनी शपथ घेतली तेव्हा कुठे डेमोक्रॅट्सकडे ६० झाले, तेही बर्नी सँडर्स आणि जो लिबरमन हे दोन अपक्ष धरून. त्यातही टेड केनेडी ब्रेन ट्यूमरने आजारी होते आणि ऑगस्टमध्ये ते गेले. त्यांच्या जागी सप्टेंबरअखेर तात्पुरती नेमणूक झाली. साठातलं एकही मत जास्तीचं नव्हतं. साठातला कुणीही एकटा विधेयक अडवू शकत होता, आणि हे प्रत्येकाला ठाऊक होतं.

त्या उन्हाळ्यात मात्र जे झालं ते गणितामुळे नव्हे. सिनेटच्या वित्त समितीचे अध्यक्ष मॅक्स बॉकस हे तीन रिपब्लिकन सिनेटर्सशी आठवडेच्या आठवडे बोलणी करत बसले, आणि व्हाइट हाउसने ते चालू दिलं. शेवटी त्या तिघांपैकी फक्त ऑलिंपिया स्नो यांनी समितीत विधेयकाच्या बाजूने मत दिलं. सिनेटच्या अंतिम मतदानात त्यांनीही विरोधच केला. ही ओबामांची चूक होती असं मला तेव्हाही वाटत होतं, आजही वाटतं. आम्ही ते आमच्या संयोजकांना तोंडावर सांगितलं, पत्रं लिहिली. आणि संध्याकाळी पुन्हा फोनला बसलो. टीका आणि काम एकाच दिवशी करता येतं, हे तुमच्या गटातल्या दोन्ही बाजूंना सांगा.

त्या रिकाम्या उन्हाळ्यात अफवांनी जागा घेतली. ऑगस्टमध्ये रिपब्लिकन नेत्या सेरा पेलिन यांनी ‘डेथ पॅनल’, म्हणजे कुणाला उपचार द्यायचे हे सरकारी मंडळ ठरवणार, हा शब्द फेसबुकवर टाकला आणि टाउन हॉल सभांमध्ये आरडाओरडा सुरू झाला. मूळ तरतूद इतकीच होती, की शेवटच्या आजारात कोणते उपचार हवेत, कोणते नकोत, यावर म्हाताऱ्या माणसाने स्वेच्छेने डॉक्टरांशी बोलायचं ठरवलं तर त्या भेटीची फी मेडिकेअरने, म्हणजे मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी विम्याने, द्यावी. त्या वर्षी गणपतीही ऑगस्टच्या शेवटी होते आणि आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत हाच वाद चालायचा. आपल्यात डॉक्टर खूप, त्यांना मेडिकेअरचे दर कापले जातील ही खरी काळजी होती, आणि ती हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. अशा वेळी मला सर्जन आणि लेखक अतुल गवांदे यांचा लेख फार उपयोगी पडला. त्यांच्या वडिलांचं गाव आपल्या यवतमाळ जिल्ह्यातलं. टेक्सासमधल्या मॅकॲलन गावात मेडिकेअरचा माणशी खर्च देशाच्या सरासरीच्या जवळपास दुप्पट का आहे आणि तरीही तिथले लोक जास्त निरोगी का नाहीत, हे त्यांनी जून २००९ मध्ये लिहिलं होतं. ओबामांनी तो लेख आपल्या लोकांना वाचायला लावला होता. डॉक्टर मंडळींशी घोषणांवर भांडण्यापेक्षा त्या लेखावर बोलणं सोपं जायचं, कारण तिथे दोघांनाही काही माहीत असायचं.

डिसेंबरात तुमच्यावर आता आली आहे तीच वेळ आमच्यावर आली. पब्लिक ऑप्शन, म्हणजे खासगी कंपन्यांच्या जोडीला सरकारी विमा योजना, ही आमच्यातल्या कित्येकांची मुख्य मागणी होती. लिबरमन यांनी नकार दिला. मग ५५ वर्षांवरच्यांना मेडिकेअर विकत घेता यावं असा मधला मार्ग निघाला, तोही त्यांनी अडवला. नेब्रास्काचे बेन नेल्सनही काठावरच होते. हॉवर्ड डीन यांच्यासारखा आमच्याच बाजूचा माणूस म्हणाला, की हे सिनेटचं विधेयक पाडा. माझे दोन जवळचे सहकारी तेव्हा काम सोडून गेले. त्यांचा राग मला कळत होता, पण ६० वजा १ चं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं. १९९४ मध्ये क्लिंटन यांचा आरोग्य विम्याच्या सुधारणेचा प्रयत्न कोसळल्यावर पुन्हा हात घालायला पंधरा वर्षं गेली होती. त्या पंधरा वर्षांत जुन्या आजारामुळे विमा नाकारल्या गेलेल्या माणसांनी काय करायचं होतं? २४ डिसेंबरला विधेयक ६० विरुद्ध ३९ मतांनी मंजूर झालं.

आणि १९ जानेवारी २०१० ला केनेडींच्याच जागेवर मॅसॅच्युसेट्समध्ये रिपब्लिकन स्कॉट ब्राउन जिंकले. साठावं मत गेलं. माझ्या मते नेत्याला खरा आधार लागला तो इथे. व्हाइट हाउसमध्येच काही जण म्हणत होते की छोटं विधेयक आणू, मुलांपुरतं काहीतरी करू. प्रतिनिधिगृहाच्या तेव्हाच्या अध्यक्ष नॅन्सी पेलोसी हटल्या नाहीत, आणि ओबामांनीही माघार घेतली नाही. मार्ग एकच उरला होता: प्रतिनिधिगृहाने सिनेटचं विधेयक जसंच्या तसं मंजूर करायचं आणि पैशांशी संबंधित दुरुस्त्या नंतर साध्या बहुमताने करून घ्यायच्या. मग प्रश्न प्रतिनिधिगृहातल्या काठावरच्या सदस्यांचा झाला.

ओहायोत असे दोन जण माझ्या डोळ्यांसमोर होते. क्लीव्हलँडचे डेनिस कुसिनिच हे डाव्या बाजूचे, सर्वांसाठी एकच सरकारी विमा हवा म्हणणारे. प्रतिनिधिगृहाचं आधीचं विधेयक अपुरं म्हणून त्यांनी नोव्हेंबर २००९ मध्ये विरोधात मत दिलं होतं. कँटनच्या भागातले जॉन बोचेरी उजवीकडे झुकलेल्या मतदारसंघातले, त्यांनीही नोव्हेंबरात विरोध केलेला. १५ मार्चला ओबामा क्लीव्हलँडजवळ स्ट्राँग्सव्हिलला आले, तेव्हा कुसिनिचना सोबत विमानातून घेऊन आले. दोन दिवसांनी कुसिनिच यांनी जाहीर केलं की आपल्याला हवं तसं हे विधेयक नाही, तरी समोर आहे त्यावर निर्णय घ्यायचा म्हणून ते बाजूने मत देतील. बोचेरींच्या मतदारसंघात आम्ही फोन करत होतो. ओबामांना पाठिंबा द्या असं आम्ही म्हणतच नव्हतो. तुमच्या घरात कुणाला विमा नाकारलाय का, हे विचारायचो, आणि उत्तर ‘हो’ असलं की तेवढंच बोचेरींच्या ऑफिसात फोन करून सांगा म्हणायचो. नेत्याचं नाव काढलं की लोक फोन ठेवायचे, आजाराबद्दल विचारलं की बोलत राहायचे.

२१ मार्चला २१९ विरुद्ध २१२. एकही रिपब्लिकन मत नाही, ३४ डेमोक्रॅट्स विरोधात. बोचेरींनी बाजूने मत दिलं आणि नोव्हेंबर २०१० च्या निवडणुकीत ते हरले. त्या निवडणुकीत डेमोक्रॅट्सच्या ६३ जागा गेल्या. जागा जाईल हे कळत असताना ज्यांनी हात वर केला, त्यांचा मला ओबामांइतकाच आदर आहे.

नेत्याची बाजू घेणं जिथे थांबायला हवं, ते ठिकाणही सांगते. ‘तुमची सध्याची पॉलिसी आवडत असेल तर ती तुमच्याकडेच राहील’ हे ओबामा वारंवार म्हणाले होते. २०१३ च्या शेवटी लाखो लोकांना पॉलिसी रद्द झाल्याची पत्रं आली. त्याच वेळी विम्याची सरकारी वेबसाइट पहिल्या दिवसापासून कोलमडलेली. आमच्यातले काही जण कंपन्यांना दोष देत ओबामांचं वाक्य सावरायला लागले. मला ते पटलं नाही. दिलेला शब्द मोडला होता, तसं म्हणणं आवश्यक होतं, आणि पुढे ओबामांनी स्वतः माफी मागितली. जे लोक आधीच प्रामाणिकपणे बोलले होते, त्यांचंच ऐकून नंतर शेजारीपाजारी विम्याची नोंदणी करायला आले.

आणि मिळालं काय, हेही विसरू नका. २६ वर्षांपर्यंत मुलं आईवडिलांच्या विम्यावर. जुन्या आजाराचं कारण देऊन नकार बंद. गरिबांसाठीच्या मेडिकेडचा विस्तार २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाने राज्यांच्या मर्जीवर सोडला, तरी ओहायोत रिपब्लिकन गव्हर्नर जॉन केसिक यांनी २०१३ मध्ये तो घेतला. आपल्या लोकांपुरतं बोलायचं तर ग्रीन कार्डवर आलेले आईवडील: पाच वर्षं होईपर्यंत त्यांना मेडिकेअर विकतही मिळत नसे, आणि मधुमेह किंवा बायपास झालेल्या माणसाला खासगी विमा कोण देणार? २०१४ पासून त्यांना बाजारातली पॉलिसी नाकारता येईना. माझ्या ओळखीतल्या कितीतरी घरांत त्यामुळे आईवडील इथे राहू शकले.

२०१७ मध्ये रिपब्लिकन हा कायदा मोडायला निघाले तेव्हा टाउन हॉलमध्ये ओरडणारे लोक आमच्या बाजूचे होते, आणि २८ जुलैच्या रात्री मॅकेन, कॉलिन्स आणि मर्कोव्स्की या तीन रिपब्लिकन सिनेटर्सच्या मतांनी तो वाचला. तेव्हा ओबामा सत्तेत नव्हते. आम्ही मात्र होतो तिथेच होतो.

आता तुमच्या सिनेटरांकडे वळू. सरकारी विम्याची तरतूद सोडायच्या आदल्या दिवशी त्यांच्याकडे किती मतं होती आणि कोणती कमी पडत होती, हे त्यांच्या ऑफिसला थेट विचारा. आकडा सांगितला तर तपासून घ्या. टाळाटाळ झाली तर तुमच्या गटातल्या नाराज लोकांचं म्हणणं खरं असण्याची शक्यता जास्त, आणि मग गट म्हणून एकत्र भेटायला जा. विधेयक आता कुठल्या समितीत आहे आणि काठावरचे सदस्य कुठल्या मतदारसंघातले आहेत, ते इथे लिहा. त्या भागात राहणारे आपले कोण आहेत ते मी शोधते, आणि फोनवर कसं बोलायचं याची जुनी टिपणं माझ्याकडे अजून आहेत, ती पाठवते.