पाटीवरचं नाव विकू नका, डॉक्टर

ताई, मी बडोद्यात पशुवैद्य आहे. वय 64. आणंदच्या कॉलेजातून शिकून बाहेर पडलो, सुरुवातीला पादरा-डभोईकडे म्हशी बघत फिरलो, मग रावपुऱ्याजवळ स्वतःच्या गाळ्यात दवाखाना थाटला. आता गुडघे साथ देत नाहीत. मुलगा पुण्यात, त्याला यात रस नाही. दोन गिऱ्हाइकं आलीत. एक पेट क्लिनिकची चेन चालवणारी कंपनी. 45 लाख देते, पण पाटीवर माझं नाव पाच वर्षं राहणार आणि आठवड्यातून दोन दिवस मी बसायचं. दुसरी, माझ्या हाताखाली सात वर्षं काम केलेली डॉक्टर मुलगी. 28 लाख म्हणते, 10 आत्ता आणि उरलेले तीन वर्षांत. 28 वर्षं बरोबर असलेल्या माझ्या मदतनिसाला अजून काही बोललो नाही. उत्तरायणाची, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांची गर्दी ओसरली की सांगीन. कुणाला विकू?
– एक बडोदेकर

डॉक्टरसाहेब,

तुमचं पत्र वर थोडक्यात छापलंय; मूळ पत्रात पैशांचा हिशेब अडीच पानं चाललाय आणि मदतनीस चार ओळींत आटपलाय. खाडाखोड मात्र सगळी त्या चार ओळींतच आहे. तेव्हा आधी तिथूनच सुरुवात करू.

त्यांना उत्तरायणाच्या आधी सांगा. या आठवड्यात सांगा. 14 जानेवारीच्या आगेमागे मांजाने पंख कापलेली कबुतरं, ढोक, घारी खोक्यांतून येत राहतात. पक्ष्याच्या डोळ्यांवर फडकं टाकून, पंख तुटणार नाही इतक्या हलक्या हाताने धरून कोण उभं असतं? तुम्ही टाके घालता ते त्या हातांच्या भरवशावर. तशा रात्री त्यांच्याकडून काढून घ्यायच्या आणि मग सांगायचं की दवाखाना विकायचं आधीच ठरलं होतं, हे तुम्हाला शोभणार नाही. शिवाय बातमी राहते थोडीच! कंपनीची माणसं गाळ्याची मापं घ्यायला आली की शेजारचा चहावाला आधी तुमच्या मदतनिसालाच विचारणार, ‘शेठे दुकान वेच्युं के शुं?’ शेठने दुकान विकलं की काय?

सांगताना हातात आकडा ठेवून सांगा. दहापेक्षा कमी माणसांच्या जागी ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी संपताना मिळणारी एकरकमी रक्कम, कायद्याने सहसा लागू होत नाही, म्हणजे वकील तुम्हाला ‘काही देणं लागत नाही’ असंच सांगेल. तो बरोबर असेल. तरी कायद्याचंच गणित उसनं घ्या: शेवटचा पगार गुणिले 15, भागिले 26, गुणिले नोकरीची वर्षं. पगार 18 हजार धरला तर 28 वर्षांचे साधारण 2 लाख 90 हजार होतात. ते विक्रीच्या रकमेतून पहिले बाजूला काढा. आणि नवा मालक त्यांना ठेवणार असेल तर किती पगारावर, तेही करारात घाला.

आता गिऱ्हाइकं. कंपनी 45 लाख कशाचे देते? तपासणीचं टेबल, अवजारं निर्जंतुक करायचा ऑटोक्लेव्ह, लशींचा फ्रीज, जुनं एक्स-रे मशीन, सगळं मिळून भंगारपेक्षा थोडं वर. बाकीचे पैसे तुमच्या नावाचे आहेत. आणि पशुवैद्य म्हणून तुमची नोंदणी 1984च्या कायद्याखाली तुमच्या एकट्याची, ती काही गाळ्याबरोबर जात नाही. म्हणजे उपचार करणार दुसराच कुणी, पाटी तुमची. पार्वोच्या साथीत कुत्र्याचं पिल्लू गेलं किंवा बिल तिप्पट आलं, की लोक कंपनीच्या मुख्य कचेरीत जाणार नाहीत. सकाळी कमाटीबागेत फिरताना तुम्हालाच गाठतील. ‘डॉक्टर, तुमचं नाव बघून आलो होतो हो!’ पाच वर्षं हे ऐकायची तयारी आहे? माझं मत विचाराल तर 17 लाखांवर पाणी सोडा.

मुलीला द्या. पण ‘मुलीसारखी आहे’ म्हणून व्यवहार ढिला ठेवू नका, त्यात दोघांचंही नुकसान. गाळा विकू नका, तिला भाड्याने द्या. भाडं चालू राहील आणि उद्या हप्ते थकले तर जागा तरी हातात राहील. दवाखान्याचं सामान आणि गुडविल, म्हणजे दवाखान्याचा नावलौकिक आणि जोडलेली गिऱ्हाइकं, एवढंच विका, दोन्हींचे आकडे वेगळे लिहा. हप्त्यांचे पुढच्या तारखांचे चेक घ्या, आणि बँकेचं कर्ज मिळत असेल तर तिला ते आधी बघू दे, म्हणजे तुमच्यामागची वसुली टळेल. सही करण्याआधी सीएकडे जाच. स्वतः उभ्या केलेल्या गुडविलची खरेदी किंमत शून्य धरली जाते, म्हणजे त्याचे आलेले सगळे पैसे नफाच, आणि पैसे तीन वर्षांत येणार असले तरी कर बहुधा विक्रीच्याच वर्षी बसतो. हातात 10 लाख आणि कर सगळ्या रकमेवर, असं व्हायला नको.

कुणालाही विकलंत तरी ‘जवळपास प्रॅक्टिस करणार नाही’ असं लिहून मागतील. एरवी असली बंदी भारतीय करार कायदा, 1872च्या कलम 27 प्रमाणे टिकत नाही, पण गुडविल विकताना टिकते, फक्त हद्द वाजवी हवी. म्हणून किती किलोमीटर, किती वर्षं, हे नीट वाचा. पांजरापोळीतली जनावरं तुम्ही फुकट बघता असं लिहिलंय. ती सूट शब्दांत लिहून घ्या. नाहीतर एखाद्या लंगड्या गायीला इंजेक्शन दिल्याबद्दल नोटीस यायची.

एक्स-रेची अणुऊर्जा नियामक मंडळाकडची नोंद आणि जैविक कचऱ्याची प्रदूषण मंडळाची परवानगी तिला स्वतःच्या नावावर करून घ्यावी लागेल, ते लगेच सुरू करायला सांगा. लसीकरणाचं रजिस्टर मात्र तुम्ही जातीने समजावून द्या. रेबीजचा पुढचा डोस कुणाचा कधी, हे अजून तुमच्या अक्षरात आहे आणि ते अक्षर, माफ करा, मला पत्रातही दोनदा वाचावं लागलं.

पत्नी विचारतात, ‘घरी बसून करणार काय?’ असंही तुम्ही लिहिलंय. त्याचं उत्तर माझ्याकडे नाही, त्यांनाच विचारा.

हां, मोबाइल नंबर. रात्री दोन वाजता कुत्र्याला फिट आली की लोक जो नंबर फिरवतात तो दवाखान्याचा भाग आहे, ती मुलगी तो मागणारच, आणि द्यायलाच हवा. बँक आणि आधार आधी दुसऱ्या नंबरला जोडून घ्या, मग सिम द्या.

– ताई