'कोर्ससोबत लायसन फ्री' घ्यायच्या आधी हे वाचा

नागपूरच्या नंदनवनमधल्या भाऊंनी विचारलंय : आठ जीबी रॅमचा विंडोज लॅपटॉप आहे, जुन्या भीमगीतांवर नवे बीट बसवायचेत, वर स्वतःचं रॅप रेकॉर्ड करायचंय. संगीत बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये एफएल स्टुडिओ, एबलटन की रीपर? आणि एक क्लासवाले 'कोर्स करा, लायसन फ्री' म्हणतायत, ते घ्यावं का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण सॉफ्टवेअर चुकलं तर बदलता येतं, हे नाही. अशा पॅकेजनेच माझं सगळ्यात जास्त नुकसान केलं. क्लासचं नाव घेत नाही, पण पद्धत नीट समजून घ्या. एफएल, एबलटनसारख्यांचं लायसन लॅपटॉपला नाही, ऑनलाइन खात्याला जोडलेलं असतं. क्लास ते खातं स्वतःच्या ईमेलवर उघडतो आणि तुमच्या मशीनवर एकदा लॉगिन करून सॉफ्टवेअर अनलॉक करून देतो. चालू आहे तोवर काहीच कळत नाही. लॅपटॉप फॉरमॅट झाला किंवा एसएसडी बदलली, की पुन्हा तोच पासवर्ड लागतो. कंपनीला लिहिलं तर उत्तर येतं, खातेदाराने त्याच्या ईमेलवरून लिहावं. त्यांचं बरोबर आहे. क्लासमध्ये गेलं की 'सर बाहेरगावी आहेत, पुढच्या सोमवारी या'. तो सोमवार येत नाही. पावतीवर नुसतं 'कोर्स फी' लिहिलेलं, म्हणजे सॉफ्टवेअरचे पैसे दिल्याचा कागदही हातात नाही. एफएल तोवर डेमोमध्ये चालतं, पण डेमोत सेव्ह केलेली फाइल लायसन लागेपर्यंत परत उघडत नाही. म्हणजे कामही थांबतं.

त्यामुळे खातं स्वतःच्या ईमेलवर, बिल स्वतःच्या नावावर. कार्डाने पैसे जात नसतील तर बँकेच्या ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू करा. बहुतेक कार्डांवर तो मुळात बंद असतो. दुकानातून सिरियल नंबर घेतला तर घरी येऊन नोंदणी स्वतः करा, दुकानदाराला 'करून द्या' म्हणू नका. क्लास चांगलं शिकवत असेल तर जरूर शिका, फक्त लायसन वेगळं घ्या. बर्डीच्या बाजारात कुणी पाचशे रुपयांत 'फुल व्हर्जन' टाकून देतो म्हणाला तर त्या वाटेला जाऊच नका.

आता सॉफ्टवेअर. हे माझं मत आहे, दुसरे सदस्य वेगळं सांगतील. शून्यापासून बीट बांधायचा असेल तर एफएलइतकं सोपं काही नाही, शिवाय एकदा घेतलं की पुढचे अपडेट आयुष्यभर फुकट. पण तुमचं काम वेगळं आहे. जुनी गाणी क्लिकवर (यंत्राच्या ठोक्यावर) वाजवलेली नाहीत, ढोलकीवाल्याच्या हातावर चाललेली आहेत. समजा मुखडा 96 बीपीएमवर (मिनिटाला 96 ठोके) आहे आणि अंतऱ्यात लय चढून 99 झाली. तुमचा किक (बीटचा मुख्य ठोका) 96 वरच राहिला तर एका मिनिटात तीन ठोके मागे पडेल. एफएलमध्ये यावर उपाय आहे, टेम्पोचं ऑटोमेशन, म्हणजे लय कुठे किती बदलते त्याची रेघ, हाताने आखायची, पण फार किचकट.

एबलटनमध्ये वॉर्प आहे, म्हणजे रेकॉर्डिंगची लय ताणून जुळवायची सोय. गाणं अरेंजमेंटमध्ये (गाणं मांडायच्या खिडकीत) टाका आणि दर चार आवर्तनांनी समेवर एक मार्कर (खूण) लावा. प्रत्येक थापेवर लावू नका. सगळी थाप ग्रिडवर ओढली की ढोलकीची लचक जाते आणि गाणं मशीनसारखं वाजतं. नवीन माणूस इथेच चुकतो. मग त्या क्लिपला 'लीडर' करा. म्हणजे गाणं तुमच्या टेम्पोमागे ओढलं जात नाही, तुमचा किक गाण्यामागे जातो. रीपरमध्ये समेवर टेम्पो मार्कर लावून तेच साधतं, हात बसायला वेळ लागतो इतकंच. रीपर 60 दिवस पूर्ण वापरून बघता येतं आणि वैयक्तिक वापराचं लायसन 60 डॉलरचं आहे. तुमच्या कामाला मी रीपर म्हणेन. आवाज रेकॉर्ड करायलाही ते उत्तम.

तरीही एफएलच घ्यायचं ठरलं तर सगळ्यात स्वस्त आवृत्ती डोळे मिटून घेऊ नका. फ्रूटी आवृत्तीत बरीच वर्षं प्लेलिस्टवर (एफएलची गाणं मांडायची खिडकी) ऑडिओ टाकताच येत नव्हता. घ्याल त्या दिवशी कंपनीच्या तुलनेच्या तक्त्यात ऑडिओ रेकॉर्डिंगची ओळ वाचा. एलएमएमएस नावाचं आणखी एक सॉफ्टवेअर फुकट आहे, पण 1.2 मध्ये माइकचं रेकॉर्डिंग नाही, म्हणून रॅपसाठी उपयोग नाही.

आठ जीबी पुरतं. अडचण बफरची येते, म्हणजे लॅपटॉप आवाज केवढ्या तुकड्यांनी पुढे पाठवतो त्याची. एएसआयओ ड्रायव्हर (आवाज कमी उशिराने पोचवणारा) निवडा, रेकॉर्डिंगला बफर 256 सॅम्पल ठेवा (44.1 किलोहर्ट्झला साधारण 6 मिलीसेकंद), मिक्सिंगला 1024. ब्लूटूथ इअरफोन लावून रॅप रेकॉर्ड करू नका, आवाज इतका मागून येतो की ताल सुटतोच. मे महिन्यात आपल्याकडे लॅपटॉप तापून मंद होतो आणि आवाजात चटचट येते. तेव्हा जड ट्रॅक फ्रीझ करा, म्हणजे तात्पुरते तयार ऑडिओत बदलून ठेवा. खिडकीतला कूलर रेकॉर्डिंगपुरता बंदच करा, ती घरघर नंतर पूर्ण निघत नाही. लाइट गेली आणि साधा इन्व्हर्टर गुणगुणत असेल तर चार्जर काढून बॅटरीवर रेकॉर्ड करा.

आणि आजपासून एक सवय लावा. गाणं झालं की प्रत्येक ट्रॅक वेगळा, पहिल्या बारपासून (गाण्याच्या सुरुवातीपासून), 24 बिट वेव्हमध्ये काढून पेनड्राइव्हवर ठेवा. एफएलमध्ये एक्सपोर्टच्या खिडकीत 'स्प्लिट मिक्सर ट्रॅक्स' टिक करायचं. त्याआधी प्रत्येक आवाज स्वतंत्र मिक्सर ट्रॅकवर गेलाय का बघा (चॅनेल निवडून कंट्रोल एल), नाहीतर किक, क्लॅप, बेस सगळं एकाच फाइलमध्ये येतं. खात्याचं काहीही झालं तरी या वेव्ह फाइल कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये उघडतात.

जुनं रेकॉर्डिंग वापरून गाणं यूट्यूबवर टाकणार असाल तर हक्क कुणाकडे आहेत ते आधी विचारून घ्या. त्यातलं कायद्याचं मी सांगू शकत नाही. क्लासला पैसे दिले नसतील तर उद्या जाऊन एवढंच विचारा : लायसन माझ्या ईमेलवर नोंदवून, बिलावर वेगळी ओळ लिहून द्याल का? उत्तर काय आलं ते इथे कळवा.