यूएसबी रिमोट जुन्या गेमला लावायचाय? अ‍ॅडॉप्टरची दिशा बघा

तुमचं म्हणणं असं की, लातूरच्या घरी प्लेस्टेशन २ आहे, नऊ पिनांचा कॅसेटवाला टीव्ही गेमही आहे. दोन्हीचे रिमोट गेले, म्हणून नवा यूएसबी रिमोट घेतला, दुकानदाराने अ‍ॅडॉप्टर दिला, तरी स्क्रीनवर काही हलत नाही.

रिमोट बहुतेक चांगलाच आहे, अ‍ॅडॉप्टर उलटा मिळालाय. एकीकडे रिमोट खोचायच्या दोन खाचा अन् दुसरीकडे यूएसबीची पिन, असा जो असतो तो जुना रिमोट कॉम्प्युटरला जोडायचा. परभणी काय अन् संभाजीनगरचं पैठण गेट काय, मला तरी काउंटरवर दरवेळी हाच दाखवला. तुम्हाला हवा तो याच्या बरोबर उलट, आणि त्यात आयसी, म्हणजे चिप, पाहिजेच. नुसत्या तारा जोडून भागत नाही.

कारण यूएसबी रिमोट आपणहून बोलत नाही. समोरच्या होस्टने, म्हणजे कॉम्प्युटरसारख्या मुख्य यंत्राने, विचारलं तरच उत्तर देतो. जुन्या गेमची विचारायची पद्धतच वेगळी. कॅसेटवाला गेम लॅचच्या तारेवर एक ठोका देतो, त्या क्षणी आठही बटणांची अवस्था रिमोटमध्ये धरली जाते. मग क्लॉकच्या तालावर डेटाच्या एकाच तारेवरून हजेरी: ए, बी, सिलेक्ट, स्टार्ट, वर, खाली, डावं, उजवं. दाबलेलं बटण म्हणजे शून्य व्होल्ट. हे सेकंदाला ५०-६० वेळा चालतं. म्हणून मध्ये दोन्ही भाषा येणारा दुभाष्या बसवायचा. मी २०२१ मध्ये आलेला रास्पबेरी पाय पिको हा प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड वापरतो, त्याला यूएसबी होस्ट होता येतं.

इथे माझं एकदा चुकलं. टीव्ही गेम ५ व्होल्टचा, पिकोच्या पिना ३.३ च्या. दिवाळीत भाचा शेजारी बसून "मामा, झालं का?" करत होता, त्या घाईत लॅचची तार थेट जोडली. ती पिन कायमची बहिरी झाली. आता मधे ५ चे ३.३ व्होल्ट करणारी लेव्हल शिफ्टरची पट्टी घातल्याशिवाय मी गेम चालूच करत नाही.

प्लेस्टेशन २ ला मात्र सोल्डरिंग करत बसू नका, तयार कन्व्हर्टर घ्या. त्याला पुढे यूएसबीची दोन भोकं आहेत खरी, पण तिथे रिमोट लावला तर नुसता दिवा लागतो. जवळपास सगळे गेम रिमोटच्याच खाचेकडे बघतात. मेमरी कार्डावरून ओपन पीएस२ लोडर हे गेम चालवायचं सॉफ्टवेअर वापरत असाल, तर ड्युअलशॉक ३ किंवा ४ (प्लेस्टेशन ३ अन् ४ चे रिमोट) यूएसबीवरूनही चालतो. ४ ची बटणं दाब ओळखत नाहीत, म्हणून हलकं-जोरात दाबायच्या गेममध्ये ३ बरा. आणि मल्टीमीटर घेऊन त्या खाचेत शिरणारच असाल तर जपून: मोटरसाठीच्या तिसऱ्या पिनेवर साधारण साडेसात व्होल्ट असतात.

टीव्ही गेमच्या तारांच्या रंगांवर विश्वास ठेवू नका, दोन डब्यांत दोन तऱ्हा निघतात. जुन्या रिमोटचे स्क्रू काढा, बोर्डाचा फोटो घ्या, प्रत्येक तार कुठे जाते ते मल्टीमीटरच्या कंटिन्युइटीवर तपासा, मगच कापा. नवा रिमोट एलईडीवाला असेल तर त्याला ५ व्होल्ट वेगळ्या चार्जरमधून द्या, नसता गेममधला व्होल्टेज सांभाळणारा रेग्युलेटर तापून बसतो. ग्राउंड, म्हणजे शून्य व्होल्टची तार, तेवढी चार्जर अन् गेम दोघांची एकच ठेवा.